पंप तीन-चार बारचा, भार तीन टनांचा, मग तेल टिकतं कसं?

प्रश्न : इंजिनातला ऑइल पंप जेमतेम तीन-चार बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) प्रेशर देतो म्हणतात. पण सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हा पिस्टनवर याच्या कितीतरी पट दाब येत असणार ना? तो सगळा भार कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर आला की मधलं तेल पिळून बाहेर का जात नाही? आणि जास्त घट्ट ऑइल टाकलं तर इंजिन जास्त टिकेल का?

उत्तर : प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, कारण बऱ्याच जणांना वाटतं की पंपच शाफ्टला, म्हणजे त्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकशाफ्टला, उचलून धरतो. तसं नाहीये. हिशोब करून बघा, 80 मिमीचा पिस्टन आणि फुल लोडला साधारण 60 बार दाब धरला तर पिस्टनवर जवळपास तीन टन भार येतो, तो तीन-चार बारच्या तेलाने काय उचलला जाणार! पंपाचं काम फक्त बेअरिंगपर्यंत तेल पोचवायचं, पुढचं काम शाफ्ट स्वतः करतो.

कसं ते सांगतो. शाफ्ट आणि बेअरिंगमध्ये थोडी फट ठेवलेली असते, 50 मिमीच्या शाफ्टला ढोबळमानाने 0.05 मिमी. भार आला की शाफ्ट एका बाजूला सरकतो, त्यामुळे फट एकीकडे रुंद आणि एकीकडे अरुंद होते, म्हणजे पाचरीसारखी. तेल शाफ्टला चिकटलेलं असतं, शाफ्ट फिरतो तसा तो तेलाला त्या अरुंद जागेत ओढत नेतो आणि तिथे कोंडलेल्या तेलात शेकडो बार दाब तयार होतो. त्या दाबावर शाफ्ट अक्षरशः तरंगतो. सगळ्यात अरुंद ठिकाणी थर काही मायक्रॉनचाच असतो, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी, पण मेटलला मेटल लागत नाही. भर पावसात जोरात चाललेल्या गाडीचं टायर पाण्यावर चढतं आणि रस्ता सोडतं ना, प्रकार तोच, फक्त तिथे तो आपल्याला नको असतो.

ही गोष्ट लक्षात आली ती पण गंमतीशीर आहे. 1883 च्या आसपास इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते, तेल घालायला बेअरिंगच्या डोक्यावर भोक पाडलं तर उलट त्यातूनच तेल वर यायला लागलं. बूच लावलं, उडालं. लाकडी खुंटी ठोकली, ती पण हळूहळू बाहेर आली. शेवटी प्रेशर गेज लावला तर काटा 200 पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) पुढे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त 100 पीएसआयच्या आसपास! मग 1886 मध्ये शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं, आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच समीकरणावरून होतं.

पण यात एक अट आहे, हालचाल हवी. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन क्षणभर थांबतो, त्यावेळी पिस्टनवरच्या रिंग आणि सिलिंडरमधला तेलाचा थर एकदम पातळ होतो, म्हणूनच जुनं इंजिन खोललं की सिलिंडरच्या वरच्या भागात नखाला लागेल अशी कड सापडते. गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) तर पूर्ण फिरतच नाही, नुसती मागे-पुढे हलते. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर भार अगदी छोट्याशा जागेत येतो. अशा ठिकाणी तेलात मिसळलेली झिंकची संयुगं कामाला येतात, ती मेटलवर स्वतःचा एक पातळ थर बनवतात आणि झीज त्या थराची होते. थंड इंजिन स्टार्ट केल्या केल्या रेस करू नका म्हणतात ते पण यासाठीच, तेव्हा शाफ्ट बेअरिंगवर खाली टेकलेला असतो आणि तेल अजून सगळीकडे पोचायचं असतं.

आता घट्ट ऑइलचं. थर थोडा जाड मिळेल हे खरं, पण तेलाला तेलच घासतं त्यात ताकद आणि इंधन वाया जातं, तेल जास्त तापतं, आणि थंडीत स्टार्ट केल्यावर ते वरपर्यंत पोचायला उशीर लागतो म्हणजे झीज नेमकी तिथेच वाढते. 5डब्ल्यू-30 मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, तो आकडा थंडीतल्या वागण्याचा, आणि 30 हा 100 अंश सेल्सिअसच्या घट्टपणावरून दिलेला ग्रेड. बेअरिंगची फट याच हिशोबाने ठरवलेली असते, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दिलेलाच ग्रेड टाका. घट्ट ऑइल टाकल्यावर गेज जास्त प्रेशर दाखवतो आणि लोक खूश होतात, पण बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की तेलाला वाहायला त्रास होतोय.