वॉर्डातलं हरवलेलं सामान सिस्टरांकडून भरून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की तीस खाटांच्या वॉर्डाचा चार्ज नुकताच मिळालाय, स्टॉक बुक आणि कपाट काही केल्या जुळत नाही, तर हरवलेल्याचे पैसे स्टाफकडून घ्यावेत का. नका घेऊ. पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

मी खान्देशात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरी काढली. आमच्या तेव्हाच्या इन्चार्ज बाईंना वही स्वच्छ ठेवायची भारी हौस. थर्मामीटर फुटला, काढा वर्गणी. चादर कमी, काढा वर्गणी. एकदा ऑक्सिजनचा फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजन किती सोडायचा ते बघायचं यंत्र, दिसेना, तो आम्हा रात्रपाळीवाल्यांच्या माथी. अहो, फ्लोमीटर घरी नेऊन काय लोणचं घालायचं? पेशंट धुळ्याला रेफर झाला, तेव्हा सिलेंडरला लावलेला तसाच गाडीत गेला. सिलेंडर परत आलं, फ्लोमीटर तिकडेच राहिला. पण हे लिहायचं कुठे? स्टॉक बुकात आलं, दिलं, शिल्लक असे रकाने. 'सध्या कुठे आहे' हा रकानाच नाही.

वसुलीने सगळ्या शहाण्या झाल्या. फुटलेलं कुणी सांगेना. जिच्या-तिच्या लॉकरात आयव्ही सेट, निळ्या कॅन्युला, चिकटपट्ट्या लपवलेल्या. लॅरिंगोस्कोप (श्वासाची नळी टाकताना घसा बघायचं दिव्याचं अवजार) आणि जादा इंजेक्शनं कपाटात, किल्ली बाईंच्या पर्समध्ये, आणि पर्स संध्याकाळी घरी.

कपाशीवर फवारणीचे दिवस होते. रात्री एकाला आणलं, तोंडाला फेस, बाहुल्या बारीक, अंग घामाने निथळतंय. बायको दारातच 'माय वं, माय वं' करत बसली. इमर्जन्सी ट्रेमध्ये ॲट्रोपिनचे, म्हणजे फवारणीच्या विषावरच्या इंजेक्शनाचे, दहा ॲम्प्युल. अशा पेशंटला पहिल्या डोसलाच तीन ते पाच जातात, फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी दुप्पट. दहा पुरणार किती वेळ? कक्षसेवकाला म्हटलं, हातोडी आण. कुलूप तोडलं. ॲट्रोपिन मिळालं, लॅरिंगोस्कोप मिळाला तोही, पण त्याचा बल्ब गेलेला! कधी गेला देव जाणे, सांगेल तिच्या खिशाला चाट ना. शेजारच्या वॉर्डातला आणला, डॉक्टरांनी नळी टाकली, माणूस वाचला. सकाळी बाईंनी कुलपाचे पैसे मागितले. मी दिले नाहीत. मेट्रनपर्यंत प्रकरण गेलं, तरी दिले नाहीत.

पुढे चार्ज माझ्याकडे आला तेव्हा एक साधी दोनशे पानी वही दोरीने टेबलाला बांधली. काय गेलं, कुठल्या खाटेबरोबर, कुठे, कुणी नेलं, परत आल्याची सही. निम्मं हरवलेलं सामान शेजारच्या वॉर्डात नाहीतर ऑपरेशन थिएटरात निघायचं. किल्ली हँडओव्हरमध्ये हातोहात. इमर्जन्सी ट्रेला कुलूप नाही. दर ड्युटीला मोजायचा, बल्ब लावून बघायचा. फुटलं तर तुकडे आणून दाखवा, निर्लेखनाला लावू, म्हणजे बाद म्हणून वहीतून काढू, कुणी ओरडणार नाही.

एक्स्पायरीचं तुम्हाला सांगायला नको. इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे द्यायची मागणी, मात्र मागच्या महिन्याच्या खपावर भरू नका. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात ओआरएस आणि आरएलचं सलाईन संपतं, पावसाळा लागला की सापाचं इंजेक्शन, एकेका पेशंटला सुरुवातीलाच दहा व्हायल. मग फवारणी आणि ॲट्रोपिन. मेचा खप बघून ऑगस्टचं इंडेंट कापणाऱ्या स्टोअरकीपरशी मी भांडलेय, तुम्हीही भांडा.

कुलूपच नको असं मात्र मी म्हणत नाही. मॉर्फिन, फेंटानिल ही नशेची औषधं डबल कुलपातच, रिकाम्या ॲम्प्युलसकट हिशोब. खरी चोरीही होते, आमच्याकडे स्पिरिट जायचं. ते लेखी वर कळवा, वर्गणी काढून झाकू नका. खासगी दवाखान्याचं मला विचारू नका, तिथे प्रत्येक सिरिंज पेशंटच्या बिलात चढते.

आणि तुमची चार्ज लिस्टवर सही व्हायची असेल तर नग हातात घेऊन मोजल्याशिवाय करू नका. जुन्या इन्चार्ज म्हणतील, 'विश्वास नाही का गं?' आमच्या बाईही म्हणाल्या होत्या. मी कमी निघालेल्या नगांची वेगळी यादी केली आणि खाली त्यांचीच सही घेतली. तासभर तोंड फुगवून बसल्या होत्या, पण केली.