फेब्रुवारीत पुण्यात मुलांना घेऊन बाल्कनीत खत आणि भाज्या कुठून सुरू करू?

खतापासून. सध्या सोसायटीत पानगळ चालू आहे, त्यामुळे सुका पाला फुकट मिळतो. मुलांना पोतं द्या, जमवून आणतील. चुरगाळायचं कामही त्यांचंच, त्यात त्यांना भलती मजा येते.

तळाला भोकं पाडलेली जुनी बादली घ्या. एक वाटी भाजीची देठं-सालं, त्यावर दोन वाट्या पाला, मधूनमधून आंबट ताक शिंपडा. शिजवलेलं अन्न नको. मूठभर मिश्रण दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. वास आला की पाला वाढवायचा आणि ढवळायचं. पांढरट-करड्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. (आजीची समजूत काढणं जास्त अवघड!)

खताला दोन-तीन महिने लागतात, तोवर मुलं कंटाळतील. म्हणून शेजारच्या कुंडीत विकतचं खत घालून स्वयंपाकघरातलीच मेथी पेरा. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजीला येते. मार्चपासून ऊन तापतं, तेव्हा भेंडी-गवार लावा. पालकाची भाजी मात्र आता लावू नका. पाणी सकाळीच, एप्रिलमध्ये सावलीसाठी वर हिरवी जाळी लागेल.