ध्रुवीय प्रकाशाचा ‘उगम’ आणि ‘पुच्छ’

एका मित्राने भाषांतरातलं वाक्य पाठवलंय: ‘ध्रुवीय प्रकाशाचा उगम पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत होतो.’ त्याची शंका अशी, की प्रकाश दिसतो ध्रुवांकडच्या आकाशात, मग उगम शेपटीत कसा? आणि ‘शेपूट’ हा शब्द चालेल का?

आधी ‘उगम’. सौरवात, म्हणजे सूर्याकडून वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, पृथ्वीचं चुंबकावरण (तिच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल असलेला अवकाशातला भाग) सूर्याच्या बाजूने दाबतो. तिकडे ते पृथ्वीच्या साधारण १० त्रिज्यांवर संपतं. रात्रीच्या बाजूला मात्र ते चंद्राच्या कक्षेपलीकडे ओढलं जातं. हीच ती शेपूट. या लांबोळ्या भागाच्या मधोमध प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूचा, थर असतो. तिथल्या ताणलेल्या चुंबकीय बलरेषा (चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा) तुटून पुन्हा जुळल्या, की साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि कणांचा लोंढा पृथ्वीकडे सुटतो. २००७ साली सोडलेल्या थेमिस मोहिमेच्या पाच उपग्रहांनी पुढच्याच वर्षी अशी एक घटना टिपली. बलरेषा जुळल्या त्या सुमारे २० त्रिज्यांवर, म्हणजे चंद्राच्या एक तृतीयांश अंतरावर, आणि साधारण दीड मिनिटात इकडे आकाश उजळलं!

पण शेपटीत प्रकाश नसतोच. इलेक्ट्रॉन बलरेषांच्या वाटेने येतात, काही हजार किलोमीटर उंचीवर विद्युत क्षेत्रामुळे आणखी वेग घेतात आणि बहुधा १०० ते ३०० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन-नायट्रोजनवर आदळतात. हिरवा-तांबडा रंग तिथला. नदीचा उगम म्हणताना आपल्या मनात पाणी असतं. इथे ते पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन. तेव्हा उगम त्यांचा म्हणावा, प्रकाश ‘उजळतो’ म्हणावं.

‘शेपूट’ चूक नाही, पण मी ‘पुच्छ’ निवडेन. धूमकेतूचं पुच्छ मराठीत रुळलेलं आहे आणि हे साम्य वरवरचं नाही: धूमकेतूचं वायुपुच्छ सूर्याच्या विरुद्ध दिशेला वळतं, तेही सौरवातामुळेच. १९५१ साली जर्मन खगोलशास्त्रज्ञ लुडविग बियरमान यांनी या पुच्छांवरूनच सूर्याकडून सतत कण वाहत असल्याचा तर्क केला होता. धूमकेतूला आपल्याकडे ‘शेंडेनक्षत्र’ हाही किती सुंदर शब्द आहे, पण त्यातली शेंडी इथे ओढून आणू नये.

दिवसाच्या बाजूचा फिकट ध्रुवीय प्रकाश बराचसा चुंबकावरणातल्या ध्रुवांजवळच्या खाचांतून थेट शिरलेल्या कणांचा असतो, म्हणून ‘रात्रीच्या’ हा शब्द हवाच. मी वाक्य असं लिहीन: ‘रात्रीच्या ध्रुवीय प्रकाशाला उजळवणारे इलेक्ट्रॉन मुख्यतः पृथ्वीच्या चुंबकपुच्छातून येतात.’