आरजीयूच्या आधी बधिर करणारी जेली लावली तर फोटो बिघडतो का?

वडिलांचा आरजीयू (मूत्रमार्गात डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून काढलेला एक्स-रे) मिरजेत करायचाय, ते दुखण्याला घाबरलेत आणि सेंटरवाले म्हणतात की जेली लावली की फोटो खराब येतो, असं तुम्ही विचारलंय. सेंटरवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे.

लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची २ टक्के जेली एक्स-रेत दिसत नाही, दिसते तिने अडवलेली जागा. पांढऱ्या डायमध्ये मधेच काळा गोल किंवा लांबट डाग येतो आणि तो खडा किंवा रक्ताची गुठळी वाटू शकतो. त्याहून फसवे असतात हवेचे बुडबुडे. ट्यूबमधली जेली सिरिंजमध्ये भरताना ते हमखास शिरतात. सिरिंज तोंड वर करून टिचक्या मारायची आणि टोकाशी जेली येईपर्यंत दट्ट्या दाबायचा, एवढंच करायचं असतं. घाईत तेच राहतं. शंका आली तर आणखी थोडा डाय सोडून पुन्हा फोटो घेतात. बुडबुडा किंवा जेली जागा बदलते, स्ट्रिक्चर, म्हणजे मूत्रमार्गातली व्रणाने अरुंद झालेली जागा, तिथेच राहतं.

दुसरी अडचण घसरण्याची. ८ किंवा १० नंबरचा फोली (टोकाला फुगा असलेली लघवीची नळी) शिश्नाच्या टोकाजवळच्या खोलगट जागेत ठेवून फुगा १ ते २ मिली फुगवतात. बाहेर जेली माखलेली असेल तर तो सटकतो आणि डाय बाहेर सांडतो. कोरड्या गॉजने पुसून घेतलं की प्रश्न मिटतो.

आता उरलेलं अर्धं. दुखलं की माणूस आवळतो, स्फिंक्टर (लघवी रोखणारा स्नायू) बंद होतो, डाय मागच्या भागात जातच नाही. मग आकसलेली जागा स्ट्रिक्चरसारखी दिसते, नाहीतर खरं स्ट्रिक्चर आहे त्यापेक्षा लांब वाटतं. बल्बर भागात, म्हणजे वृषणांच्या मागे मूत्रमार्ग वळतो तिथे, साधारण २ सेंमीच्या आतलं असेल तर आधी दुर्बिणीने कापून बघतात, लांब असेल तर युरेथ्रोप्लास्टीचा (मूत्रमार्ग दुरुस्त करण्याच्या शस्त्रक्रियेचा) विचार होतो. म्हणजे ही चूक महागात पडते. माझ्या मते जेली वापरावीच: ५ ते १० मिली, हळूहळू, ५ ते १० मिनिटं थांबून, मग ती निथळू देऊन. १० मिलीत २०० मिग्रॅ लिग्नोकेन जातं. रक्त येत असेल तर ते अंगात लवकर भिनतं, म्हणून उगाच वाढवायची नाही. खरं तर फोटो जेलीपेक्षा कोनाने जास्त बिघडतो. रुग्ण तिरका झोपवला नाही, शिश्न ताणून धरलं नाही, तर वळणावरचं स्ट्रिक्चर आखूड दिसतं.

सोनोग्राफीने मूत्रमार्ग बघणार असतील तर गोष्ट उलटी. तिथे मूत्रमार्ग फुगवायला जेलीही वापरतात. फक्त हवा नको.

जाण्याआधी लघवीचा कल्चर रिपोर्ट स्वच्छ हवा. लिग्नोकेनची किंवा डायची ॲलर्जी आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या गोळ्या आधीच सांगा. नंतर एक-दोन दिवस जळजळ आणि किंचित लालसर लघवी चालते, पाणी भरपूर द्या. थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात न्या.