पर्यावरणासाठी गुरं-मेंढ्या पाळणंच बंद करावं का?

सरसकट नाही. कुठलं जनावर, कुठे आणि काय खाऊन वाढतं, यावर सगळं आहे.

दिवाळीनंतर देशावरचे धनगर दख्खनी मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. भात कापून झालेल्या खाचरात संध्याकाळी वाघर (जाळीचं कुंपण) लावून कळप कोंडतात. रात्रभरात लेंड्या आणि मूत थेट जमिनीत. ना ट्रॅक्टर, ना युरियाची गोणी. बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. मेंढ्या खातात काय, तर धसकटं, बांधावरचं गवत, झाडपाला. म्हणजे माणसाच्या पोटात न जाणारंच. ज्वारीच्या कडब्यावर जगणाऱ्या बैलाचंही तेच.

मिथेन या हवा तापवणाऱ्या वायूचा मुद्दा मात्र खराच आहे. रवंथ करणारं जनावर, देशी असो वा जर्सी, ढेकरेतून मिथेन सोडतंच. 'आमची गाय देशी, तिचं काही नाही' हे उगाच बोलणं झालं. 2013 मध्ये एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना) माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी 14.5 टक्के वाटा पशुपालनाचा धरला होता. त्यात चाऱ्याची शेती आणि त्यासाठी तोडलेली जंगलंही आली. ब्राझीलमध्ये कुरणासाठी जंगल जाळणं आणि आपल्याकडचा धनगरांचा वाडा (मेंढ्यांचा तळ) एकाच तराजूत कसा तोलणार?

आहाराचं म्हणाल, तर पडीक आणि धसकटांवर जगतील तेवढीच जनावरं ठेवली तर मटण आणि दूध मिळेल, पण कमी. रोज ताटात नाही. शिवाय चराईलाही शिस्त हवी, नाहीतर डोंगर बोडके होतात.