साहेब बीसीसीत, सहकारी अंधारात

प्रश्न: मासिक अहवालासाठी मला एका सहकाऱ्याकडून आकडे लागतात आणि ते नेहमी उशिरा येतात. साहेब म्हणाले, "त्याला मेल टाकाल तेव्हा मला बीसीसीत ठेवत जा." तसं करतेय, म्हणजे मेल साहेबांनाही जातो, पण सहकाऱ्याला त्यांचं नाव दिसत नाही. मन मात्र खातंय. साहेबांना नाही कसं म्हणू?

उत्तर: मन खातंय ते योग्यच आहे. तुम्ही दोघंच बोलताय असं धरून सहकारी उत्तर लिहितो. "आईला दवाखान्यात न्यायचंय, दोन दिवस द्या," असंही लिहीत असेल. ते उत्तर साहेबांना थेट जात नाही हे खरं, पण तुमच्या पुढच्या मेलखाली ते जोडलेलं असतं आणि बीसीसीतून अलगद साहेबांपुढे जातं. माझा खरा आक्षेप याला आहे.

शिवाय हे लपून राहीलच असं नाही. साहेब घाईत मोबाइलवर 'रिप्लाय ऑल' दाबतात, "लवकर पाठवा" एवढंच लिहितात, आणि ते सहकाऱ्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतं. एका कार्यालयात मी हे पाहिलंय. त्यानंतर आकडे वेळेवर येऊ लागले, पण तिथे मेल पाठवणारी आणि तिची सहकारी, या दोघींचं कामापलीकडचं बोलणं संपलं.

साहेबांना नाही म्हणायची गरज नाही. त्यांना मेल नकोय, काम कुठे अडलंय ते हवंय. सहकाऱ्याला आधी तोंडी सांगा, की अहवाल कुठवर आला ते मला साहेबांना कळवावं लागतं. मग मेल त्याला एकट्याला पाठवा आणि साहेबांना वेगळ्या दोन ओळी: "आज आकडे मागितलेत. गुरुवारपर्यंत आले नाहीत तर कळवते." या मेलवर साहेबांनी काहीही दाबलं तरी उत्तर तुमच्याकडेच येईल. तरीही उशीर होतच राहिला, तर साहेबांना उघडपणे सीसीत घ्या. ते कटू वाटेल, पण सहकाऱ्याला दिसेल तरी.

बीसीसी टाकाऊ मुळीच नाही. ईमेलच्या 1982च्या आरएफसी 822 या मानकातही ती आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या शंभर जणांना एकच सूचना पाठवायची असेल, तर सगळ्यांचे पत्ते बीसीसीतच हवेत. नाहीतर प्रत्येकाचा पत्ता सगळ्यांच्या हाती लागतो आणि 'धन्यवाद'चे मेल दिवसभर येत राहतात. कुणी तुमची ओळख करून दिली असेल, तर पुढच्या पत्रव्यवहारातून त्यांची सुटका करायलाही ती कामाची. फक्त पहिल्याच ओळीत तसं लिहा: "यांना आता बीसीसीत हलवतेय."