सकाळी फुलं काढताना चावणारा डास येतो कुठून?

प्रश्न : आमचं घर गोव्यात सावई-वेऱ्याला, पोफळीच्या बागेला म्हणजे कुळागराला लागून आहे. सकाळी साडेसातला पूजेची फुलं काढायला परसात गेले की दहा मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत गांधी उठतात. डास संध्याकाळी येतात ना? मग हे सकाळचे कुठून आले? चतुर्थी तोंडावर आली, दोडकी-भेंडीचं काम टाकून चालणार नाही. क्रीम लावलं तर घामाबरोबर उतरतं. काय करावं?
*– एक वाचक, सावई-वेरे*

उत्तर : तुमच्या पत्रात ‘कुळागराला लागून’ एवढं वाचलं आणि मला पोफळीच्या विऱ्याच दिसायला लागल्या. झावळ गळून पडते, तिचा खालचा होडीसारखा भाग उताणा पडतो, त्यात दोन सरी पडल्या की ओंजळभर पाणी साठतं. आपण त्याला पाणी म्हणतच नाही. डासांच्या मादीला मात्र तेवढं पुष्कळ होतं.

तुम्हाला चावणारा बहुतेक एडिस जातीचा असणार. काळा, पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर मधोमध एक पांढरी रेघ. हा दिवसाउजेडी चावतो. सूर्य उगवल्यावरचे दोन तास आणि मावळण्याआधीचे दोन तास त्याचा जोर जास्त, पण कुळागराच्या गर्द सावलीत दुपारीसुद्धा सोडत नाही. तुम्ही म्हणता ते संध्याकाळचे डास वेगळे, ते गटारातल्या आणि सेप्टिक टँकच्या पाण्यातले. एडिसला त्यापेक्षा स्वच्छ, साठलेलं, थोडकं पाणी आवडतं. आणि तो फार लांब उडत नाही. म्हणजे तुमच्या हातावर बसलेला डास बहुधा तुमच्याच परसात जन्मलेला, नाहीतर कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याच्या.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या ह्यांना डेंगी झाला. ताप, डोळ्यांमागे ठणका, सांधे धरलेले. मी कपाटातली अंगदुखीची गोळी द्यायला निघाले होते, डॉक्टरांनी फोनवरच अडवलं. डेंगीची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढू शकतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. ते बरे झाल्यावर मी हट्टाने परस धुंडाळला. विहिरीवर जाळी होती, टाकीला झाकण होतं, तुळशीपुढे थेंब नव्हता. शेवटी सापडलं ते पावसाळ्यासाठी रचलेल्या लाकडांवर. निळी ताडपत्री घातली होती आणि तिच्या एका घडीत तांब्याभर पाणी. वरून वाकून बघितलं तर काही नाही. माझी सावली बाजूला झाल्यावर स्वल्पविरामासारख्या अळ्या वळवळत वर आल्या, आणि हात पुढे केला तशा सरकन तळाला गेल्या. ताडपत्री मीच घातली होती. ह्यांनी अजून त्यावरून बोलून घेतलेलं नाही, पण चतुर्थीला पाहुणे जमले की नक्की बोलतील.

तेव्हा क्रीमच्या आधी पाणी शोधा. आपल्या हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्यात एकदा फेरी मारली तर साखळी तुटते. मी रविवारी मारते. विऱ्या गोळा करून पालथ्या घालते, नाहीतर सुकवून चुलीला. नारळाच्या करट्या, माकडांनी पाडलेले अर्धे शहाळे, कापलेल्या बांबूचं पोकळ बूड, अननसाच्या पानांच्या बेचक्या, झारीचं तोंड, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं. बांबूच्या बुडात माती ठोका. भांडं नुसतं ओतून ठेवू नका, आतून काथ्याने घासा. मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या थोडं वर भिंतीला चिकटवते आणि ती कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात. पुढच्या पावसात पाणी चढलं की फुटतात. विहीर उघडी असेल तर तिला बारीक जाळी बसवा, नाहीतर गप्पी मासे सोडा. विहिरीत आणि टाक्यांत मलेरियाचा डासही वाढतो.

आता अंगाचं. परसात जाताना घरातला गडद निळा किंवा काळा गाउन नको, गडद रंगाकडे हे डास जास्त ओढले जातात. घट्ट लेगिंग्जमधूनही सोंड आत जाते. मी ह्यांचा जुना, फिकट, ढगळ, लांब बाह्यांचा शर्ट घालते आणि पायांत मोजे. लोक हसतात. हसू दे.

क्रीम उतरतं म्हणता, ते घामामुळे खरंच उतरतं. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. डीट किंवा डायइथाइल बेंझामाइड असं काही लिहिलेलं असेल तर ते उपयोगाचं. परसात जायच्या आधी उघड्या कातडीवर सगळीकडे सारखं लावा, कारण जिथे राहून गेलं नेमकं तिथेच चावतो. घोटे आणि कोपराची मागची बाजू विसरू नका. घाम पुसलात तर पुन्हा लावा. उन्हाचं क्रीम लावत असाल तर ते आधी, हे त्यावर. फुलं देवाला वाहायची असतील तर लावल्यावर तळवे धुऊन घ्या.

नारळाच्या सोडणांच्या धुराने डास पांगतात, आमची आई गोठ्यात करायची. पण तो धूर आपल्याही छातीत जातो, रोजचा उपाय म्हणून मी सांगणार नाही. पडवीत बसून रोपं भरायची असतील तर टेबलफॅन पायांवर सोडा, वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

प्रश्न : डिचोलीला फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनीत १४ कुंड्या आहेत. गवती चहा आणि झेंडू लावले की डास येत नाहीत, असं दुकानदार म्हणतो. खरं का?
*– एक वाचक, डिचोली*

उत्तर : दुकानदाराला रोपं विकायची आहेत. वास असतो तो पानातल्या तेलाचा, आणि पान चुरगळल्याशिवाय ते फारसं बाहेर येत नाही. नुसती कुंडी ठेवून बाल्कनी राखली जात नाही. मी गवती चहा लावलाय, चहासाठी. तुमच्या १४ कुंड्यांखाली १४ बशा असतील, तर त्यांत काठापर्यंत वाळू भरा. कुंडीतून निथळलेलं पाणी वाळूत मुरेल, वर साठणार नाही.